ऑनलाइन आंतरविद्यापीठ सांघिक बुद्धिबळ: नियम कसे लिहावेत?

चौथा_बोर्ड
मंडळी, मदत हवी आहे. आमच्या विद्यापीठाच्या बुद्धिबळ मंडळाने ऑनलाइन सांघिक स्पर्धा घ्यायचं ठरवलंय. १६ संघ, प्रत्येकी चार बोर्ड (म्हणजे एका सामन्यात चार खेळाडू, चार डाव) आणि दोन राखीव. शनिवार-रविवार मिळून सहा फेऱ्या, स्विस पद्धत (कोणी बाद होत नाही, दर फेरीत साधारण सारखे गुण असलेले संघ समोरासमोर), १५ मिनिटं अधिक दर चालीला १० सेकंद. नियमावली लिहायचं काम माझ्याकडे आहे.

तीन ठिकाणी अडलंय. एक, डाव चालू असताना नेट गेलं तर? दोन, कॅप्टनला खेळाडूंचा क्रम कधीपर्यंत बदलू द्यावा? तीन, इंजिनची (चाली सुचवणाऱ्या संगणक प्रोग्रॅमची) मदत घेतल्याचा संशय आला तर कोणी आणि कशाच्या आधारावर ठरवायचं?

माझं मत आधीच सांगते. नेट गेलं तरी घड्याळ थांबवू नये. गेल्या वर्षी एका स्पर्धेत हत्तीच्या अंतिम डावात (एंडगेममध्ये, म्हणजे पटावर थोडीच मोहरी उरलेली असताना) माझं एक प्यादं जास्त होतं, प्यादं सहाव्या ओळीवर, आणि नेट गेलं. फोनवरून परत आत येईपर्यंत वेळ संपली होती. आमचा सामना त्या अर्ध्या-एका गुणाने गेला. खूप वाईट वाटलं, पण तरी माझं मत हेच आहे.

घोडेस्वार
धागा छान. पण पहिल्या मुद्द्यावर असहमत. विद्यार्थ्यांची स्पर्धा आहे, नेट जाणं हा खेळाडूचा दोष नाही. एकदा, फक्त एकदा, पाच मिनिटांची सवलत द्यायला काय हरकत? स्थिती तर सर्व्हरवर जशीच्या तशी असते. तिथून पुढे खेळवा.

काळी_सोंगटी
घोडेस्वार, पाच मिनिटं सवलत म्हणजे पाच मिनिटं इंजिनसमोर. नेट 'गेलं' की 'घालवलं', हे पंचाला कसं कळणार?

पंचनामा
मी काही वर्षं पंचाचं काम करतो, ऑनलाइन स्पर्धाही केल्या आहेत. जरा सविस्तर लिहितो.

२०२० च्या ऑनलाइन बुद्धिबळ ऑलिंपियाडची (देशांच्या संघांच्या स्पर्धेची) आठवण सगळ्यांना असेल. ३० ऑगस्टला भारत-रशिया अंतिम सामना. पहिली लढत ३-३. दुसऱ्या लढतीत निहाल सरीन आणि दिव्या देशमुख यांचं कनेक्शन तुटलं आणि दोघांची वेळ संपली. भारताने दाद मागितली, नेटचा बिघाड व्यापक होता असं दिसलं आणि फिडेच्या (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या) अध्यक्षांनी दोन्ही संघांना सुवर्णपदक दिलं. आपल्याकडे आनंद झाला, साहजिकच.

पण त्याच स्पर्धेत, त्याच भारतीय संघाविरुद्ध उपांत्यपूर्व फेरीत आर्मेनियाच्या एका खेळाडूचं कनेक्शन तुटलं होतं. त्यांची तक्रार फेटाळली गेली आणि आर्मेनियाने पुढची लढत खेळायलाच नकार दिला. अपघात बाहेरून सारखाच दिसतो, निर्णय वेगळे. दोन्ही निर्णयांमागे कारणं होती, पण ज्याचा डाव गेला त्याला ती पटत नाहीत. म्हणून माझा आग्रह असा की दोन प्रकार आधीच कागदावर वेगळे करा.

पहिला प्रकार: एका खेळाडूचं नेट, वीज, संगणक. ही जबाबदारी खेळाडूची. घड्याळ चालू राहील, परत आला तर उरलेल्या वेळेत खेळेल. अपवाद नाही, 'एकदाच'सुद्धा नाही.

दुसरा प्रकार: संकेतस्थळच बंद पडलं. याची ओळखही लिहा. उदाहरणार्थ, दोन वेगवेगळ्या सामन्यांतले डाव एकाच वेळी अडकले आणि पंचालाही पान उघडत नाही. अशा वेळी अपुरे डाव अडकले त्या स्थितीपासून, त्याच उरलेल्या वेळेनिशी पुन्हा सुरू होतील. संपलेल्या डावांना हात लावायचा नाही.

आणि हे ठरवणारा माणूस एकच असावा. समितीचा व्हॉट्सॅप ग्रुप नको.

चौथा_बोर्ड
पंचनामा, 'दोन वेगवेगळ्या सामन्यांतले डाव' ही खूण फार उपयोगी आहे. माझ्या मसुद्यात फक्त 'तांत्रिक बिघाड झाल्यास पंचांचा निर्णय अंतिम' एवढंच होतं. त्यातून भांडणच होणार.

घोडेस्वार
पंचनामा, मुद्दा समजला, पण मन मानत नाही. २०२० मध्येच तेव्हाचा जगज्जेता मॅग्नस कार्लसन आणि चीनचा डिंग लिरेन यांच्या ऑनलाइन सामन्यात डिंगचं नेट तुटून डाव गेला, तेव्हा पुढच्या डावात कार्लसनने चौथ्याच चालीला वजीर मारायला दिला आणि हार मानली. का, तर असा गुण त्याला नको होता. विद्यापीठाच्या पोरांना आपण हे शिकवायला नको का?

शुभ्रा
घोडेस्वार, ते कार्लसनने स्वतःहून केलं म्हणून सुंदर. नियमात लिहिलं की ते उरत नाही. आणि सांघिक स्पर्धेत एका खेळाडूने असा डाव सोडला तर उरलेल्या तिघांचं काय? माझ्या दुसऱ्या बोर्डाने मला न विचारता असं केलं तर कॅप्टन म्हणून मी फार अडचणीत येईन.

घोडेस्वार
हे मात्र खरं. संघाचा विचार माझ्या डोक्यात नव्हता. सवलतीचा मुद्दा मागे घेतो.

वेळ_संपली
नेटबद्दल अजून एक, हे नियमात नक्की घाला. लिचेसवर (बुद्धिबळ खेळायच्या संकेतस्थळावर) समोरचा बराच वेळ गायब झाला की 'विजयाचा दावा करा' असा पर्याय येतो. घड्याळात त्याची आठ मिनिटं शिल्लक असली तरी! आमच्या स्पर्धेत एकाने तो दाबला. समोरची मुलगी अर्ध्या मिनिटात परत आली तर डाव संपलेला. नियमात काहीच नव्हतं, त्यामुळे निकाल तसाच राहिला. दोन्ही संघ अजून एकमेकांशी नीट बोलत नाहीत. घड्याळ शून्यावर येईपर्यंत कोणीही दावा करायचा नाही, असं स्पष्ट लिहा.

अडीच_घरं
+१. मी एका स्पर्धेची तांत्रिक बाजू सांभाळली आहे. कोणत्या संकेतस्थळावर खेळवणार हे आधी ठरवा, कारण 'नियम' म्हणून आपण जे गृहीत धरतो ते दोन ठिकाणी वेगळे आहेत.

वेळ संपण्याचंच बघा. पांढऱ्याची वेळ संपली, त्याच्याकडे एक प्यादं आहे आणि काळ्याकडे फक्त राजा आणि घोडा. फिडेच्या नियमाने, नियमात बसणाऱ्या कोणत्याही चालींनी मात होणं शक्य असेल तर काळा जिंकला. लिचेस तसंच धरतं. चेस डॉट कॉम या दुसऱ्या संकेतस्थळावर याच स्थितीत बरोबरी. एकच स्थिती तिसऱ्यांदा आली की चेस डॉट कॉमवर आपोआप बरोबरी, लिचेसवर मागावी लागते, पाचव्यांदा आली तरच आपोआप. प्रीमूव्हला (समोरच्याची चाल होण्याआधीच ठरवून ठेवलेल्या चालीला) चेस डॉट कॉमवर सेकंदाचा दहावा भाग जातो, लिचेसवर काहीच नाही.

म्हणून एक ओळ लिहा: 'डावाचा निकाल संकेतस्थळाच्या नियमांनुसार लागेल.' नाहीतर कोणीतरी फिडेचं पुस्तक उघडून बसेल आणि तोही बरोबरच असेल.

आता जोड्यांचं. लिचेसवरची स्विस स्पर्धा वैयक्तिक असते आणि 'टीम बॅटल' ही अरीना असते, म्हणजे ठरलेल्या फेऱ्या नाहीत, एक डाव संपला की लगेच दुसरा प्रतिस्पर्धी. तुम्हाला हवा तसा चार बोर्डांचा सामना त्यातून मिळत नाही. जोड्या स्विस-मॅनेजर या प्रोग्रॅममध्ये काढा, चेस-रिझल्ट्स या निकालांच्या संकेतस्थळावर लावा, आणि डाव आव्हानाच्या दुव्याने सुरू करा. खेळाडूंनीच दुवे पाठवायचे असतील तर रंग 'कोणताही' राहून जातो आणि अर्धे डाव उलट्या रंगाने सुरू होतात. एका फेरीत आमच्या ३२ पैकी ७ डावांचं असं झालं होतं. दुसरा मार्ग म्हणजे सगळ्यांकडून परवानगीची टोकन (त्यांच्या खात्यातून डाव सुरू करू देणारे संकेतांक) घेऊन सगळे डाव एकदम सुरू करणं. पहिल्यांदा किचकट वाटतं, पण चूक राहत नाही.

चौथा_बोर्ड
उलट्या रंगाच्या ७ डावांचं मग काय केलंत?

अडीच_घरं
पाच चाली व्हायच्या आत लक्षात आलं तर डाव रद्द करून नव्याने. त्यानंतर आहे तोच डाव चालू. ही पाच चालींची रेषा आम्ही तिथल्या तिथे ओढली, ती आधी ओढायला हवी होती.

राखीव_खेळाडू
आता दुसऱ्या प्रश्नाकडे. क्रम स्पर्धेआधीच ठरवून जाहीर करा, सहाच्या सहा जणांचा. फेरीला कोणी बसलं नाही तर खालचे वर सरकतात, मध्ये कोणी घुसत नाही. ऑलिंपियाडमध्येही असंच असतं. कॅप्टनला फेरीगणिक फक्त 'कोण खेळणार' एवढंच ठरवायचं, 'कुठे खेळणार' हे नाही.

हे बंधन का हवं ते मी पाहिलंय. आमच्याविरुद्ध एका संघाने सगळ्यात तगडा खेळाडू चौथ्या बोर्डावर बसवला आणि पहिल्या बोर्डावर नुकताच शिकायला लागलेला मुलगा. त्यांचा चौथा बोर्ड सगळे डाव जिंकला. पहिल्या बोर्डावरचा मुलगा प्रत्येक फेरीत वीस चालींत हरत होता. तिसऱ्या फेरीनंतर त्याने कॅमेऱ्यात खाली बघायला सुरुवात केली. मला तो चेहरा अजून आठवतो. पुढच्या वर्षी आम्ही नियम केला: रेटिंगमध्ये (खेळाडूची ताकद दाखवणाऱ्या आकड्यात) १०० पेक्षा जास्त फरक असेल तर कमी रेटिंगचा खेळाडू वरच्या बोर्डावर नको.

काळी_सोंगटी
रेटिंग कुठलं? फिडेचं सगळ्यांकडे नसतं. संकेतस्थळाचं घेतलं तर रॅपिडचं (आपल्यासारख्या वेळेच्या डावांचं) घ्या, ब्लिट्झचं (काही मिनिटांच्या झटपट डावांचं) नको. आणि लिचेसवर रेटिंगपुढे प्रश्नचिन्ह असेल तर ते अजून पक्कं झालेलं नाही, ते ग्राह्य धरू नका.

राखीव_खेळाडू
आम्ही असं ठरवलं होतं: फिडे रॅपिड असेल तर ते, नसेल तर संकेतस्थळाचं रॅपिड, नाव नोंदणीच्या शेवटच्या दिवशी जे असेल ते गोठवलेलं. दोन्ही रेटिंगची सरळ तुलना होत नाही हे मान्य, पण सगळ्यांना एकच मोजपट्टी होती.

वेळ_संपली
रंगांचंही लिहा. जोडीत आधी नाव असलेल्या संघाला १ आणि ३ वर पांढरी, २ आणि ४ वर काळी. दर वेळी कोणीतरी विचारतंच.

शुभ्रा
तिसऱ्या प्रश्नावर, म्हणजे संशयावर, लिहायचं होतं. त्याआधी कॅमेऱ्याबद्दल. झूमवर चेहरा, बाजूने दुसरा फोन, त्यात पडदा आणि हात दिसला पाहिजे, शिवाय पूर्ण खोली फिरवून दाखवा. पंचांच्या दृष्टीने हे सगळं योग्य. पण आम्ही मुली वसतिगृहात राहतो, एका खोलीत तिघी. मी खेळत असताना माझी रूममेट झोपलेली असते, तिचे कपडे वाळत असतात. ती काही स्पर्धेत नाही. एका स्पर्धेत ते चित्रण कोणाकडे राहिलं, कधी पुसलं, हे मला कोणीच सांगितलं नाही. दोनदा विचारलं.

मी कॅमेऱ्याच्या विरोधात नाही. पण चार गोष्टी लिहा: चित्रण कोण ठेवणार, किती दिवस, कोण बघू शकेल आणि खोली दाखवताना दुसरं कोणी फक्त पंचांच्या स्वतंत्र कॉलमध्ये दिसेल, सगळ्यांच्या पडद्यावर नाही. जमलं तर विद्यापीठाने एखादी संगणक खोली उघडून द्यावी. सगळा संघ तिथे बसेल, एक बाहेरचा निरीक्षक, आणि घरातून कॅमेरा लावण्याचा प्रश्नच मिटतो. नेटही बरं असतं.

पंचनामा
शुभ्रा यांचं प्रत्येक वाक्य नियमावलीत जायला हवं. पंच म्हणून मी या बाजूने पुरेसा विचार केला नव्हता, आता करेन. संगणक खोलीची सूचना सर्वात चांगली. खेळाडू पंचाच्या नजरेखाली आणि डाव ऑनलाइन, यालाच फिडे हायब्रिड म्हणतं.

आता संशयाचं. तीन गोष्टी.

'अचूकता ९७ टक्के' (चाली इंजिनच्या चालींच्या किती जवळ होत्या याचा संकेतस्थळ देतं तो आकडा) हा पुरावा नाही. परवा एका विद्यार्थिनीचा डाव माझ्याकडे तक्रार म्हणून आला. २१ चाली, अचूकता ९८. डाव उघडला तर पहिल्या १३ चाली ओळखीच्या ओपनिंगच्या, १४ व्या चालीला समोरच्याने उंट फुकट दिला, आणि पुढे ज्या चाली होत्या त्या कोणीही खेळलं असतं. लहान डावात आकडा फुगतो. केनेथ रेगन यांच्यासारखे अभ्यासक संख्याशास्त्राने तपासतात तेव्हा बरेच डाव एकत्र घेतात आणि खेळाडूच्या रेटिंगला काय शोभेल त्याच्याशी तुलना करतात.

दुसरं, निकाल स्पर्धेच्या दिवशी 'तात्पुरता' म्हणून जाहीर करा आणि ७२ तासांनी कायम करा. संकेतस्थळाची तपासणी लगेच पूर्ण होत नाही.

तिसरं, आणि हे मला सर्वात महत्त्वाचं वाटतं: तक्रार कॅप्टनने, लेखी, फक्त पंचाकडे. चॅटमध्ये किंवा इन्स्टाग्रामवर कोणी कोणावर आरोप केला तर त्या संघाला शिक्षा. खोट्या आरोपाने मुलं खेळ सोडतात, मी दोघांना सोडताना पाहिलंय.

काळी_सोंगटी
मग दोषी ठरलाच तर? फक्त त्याचे डाव हरलेले धरायचे की पूर्ण संघ बाद?

पंचनामा
माझं मत: त्या खेळाडूचे सगळे डाव शून्य, समोरच्यांना एकेक गुण, सामन्यांचे निकाल पुन्हा मोजायचे. कॅप्टनला माहीत होतं असं सिद्ध झालं तर संघ बाद. बाकी तिघांनी प्रामाणिकपणे खेळलेले डाव पुसायला माझा हात धजावत नाही.

काळी_सोंगटी
मला हे पटत नाही. संघाने त्याचा फायदा घेतला, ट्रॉफीच्या शर्यतीत दुसऱ्याला मागे टाकलं. संघ बाद झाला पाहिजे, म्हणजे संघातलेच एकमेकांवर लक्ष ठेवतील.

राखीव_खेळाडू
एकमेकांवर लक्ष ठेवणारा संघ म्हणजे संघ कसा? मी पंचनामांच्या बाजूने.

अडीच_घरं
थोडं अवांतर, पण डावातच गुण घालवणारी गोष्ट आहे. 'आपोआप वजीर' (शेवटच्या ओळीवर पोचलेल्या प्याद्याचा न विचारता वजीर करणारी) ही सोय खेळाडूंना बंद करायला सांगा. आमच्या तिसऱ्या बोर्डाने शेवटच्या ओळीवर प्यादं नेलं, हत्ती घ्यायचा होता, कारण वजीर घेतला की समोरच्याला चालच उरत नव्हती. माउस सोडला आणि वजीर आला. कोंडी झाली, बरोबरी. जिंकलेला डाव होता. पोरगं दहा मिनिटं स्क्रीनकडे बघत बसलं.

वेळ_संपली
आणि चाल परत घेणं, समोरच्याला १५ सेकंद देणं, ही बटणंही निषिद्ध. माउस घसरला तर घसरला. पटावरही हात लागला की ते मोहरं खेळावंच लागतं.

घोडेस्वार
२-२ झालं तर?

राखीव_खेळाडू
साखळीत २-२ म्हणजे सामना बरोबरीत, एकेक गुण. जिंकल्यास २. क्रमवारीला आधी सामन्याचे गुण, ते सारखे असतील तर मग टायब्रेक. ऑलिंपियाडमध्येही २००८ पासून सामन्याचे गुण आधी धरतात. पण बाद फेरी ठेवणार असाल तर बर्लिन पद्धत लिहा: पहिल्या बोर्डाच्या विजयाला ४, दुसऱ्याला ३, मग २, मग १, आणि बरोबरीला त्याच्या निम्मे.

अडीच_घरं
त्यातही एक खाच आहे. एका संघाने १ आणि ४ जिंकले, दुसऱ्याने २ आणि ३. मग ४ + १ = ५ आणि ३ + २ = ५. पुन्हा बरोबरी! पुढची पायरी लिहिलेली हवी: चौथा बोर्ड वगळून मोजा. तेव्हा दुसरा संघ २-१ ने पुढे.

चौथा_बोर्ड
माझ्या नावाचाच बोर्ड वगळला :) हरकत नाही. आमच्याकडे बाद फेरी नाही, पण पहिल्या जागेसाठी लागू शकतं, म्हणून घालते.

सगळ्यांचे आभार. मसुदा आता दोन पानांचा झालाय. नेट आणि क्रम हे विषय तुमच्याच शब्दांत आहेत, शुभ्राच्या चार अटी जशाच्या तशा. संशयाच्या शिक्षेत मी पंचनामांचं मत घेतलं आहे. काळी_सोंगटी, तुमचा मुद्दा कॅप्टनांच्या बैठकीत वाचून दाखवेन. आठ विद्यापीठांनी संगणक खोली द्यायचं कबूल केलंय.

शुभ्रा
आठ! हे वाचून खरंच बरं वाटलं.

चौथा_बोर्ड
स्पर्धा काल संपली, म्हणून परत येते आहे.

नेट चार वेळा गेलं, चारही वेळा एकेकट्या खेळाडूचं. पाचव्या फेरीत एक मुलगा परत आला तेव्हा त्याच्या घड्याळात २२ सेकंद होते, त्याच्याकडे वजीर, समोरच्या मुलीकडे दोन हत्ती. तिच्याकडे दाव्याचा पर्याय आलेला होता, तिने हात लावला नाही. त्याने दहा-दहा सेकंदांवर ३१ चाली खेळून बरोबरी साधली. सामना २-२. एकाही कॅप्टनने तक्रार केली नाही. दोघांनी फक्त नियमाचा क्रमांक विचारला.

चुकलो ते भलतीकडेच. आम्ही फेऱ्यांत ७५ मिनिटांचं अंतर ठेवलं होतं. ६० चालींचा डाव म्हणजे प्रत्येकी २५ मिनिटं, दोघांची मिळून ५०, असा हिशोब. चौथ्या फेरीत एक डाव १४० चालींच्या पुढे गेला. १४० चालींना प्रत्येकी ३८ मिनिटं २० सेकंद मिळतात, म्हणजे दोघांची वेळ मिळून ७६ मिनिटांच्या वर. पाचवी फेरी लांबली. पण खेळाडूंची नावं 'फेरीच्या नियोजित वेळेआधी २० मिनिटं' द्यायची होती. ज्यांनी वेळेत दिली त्यांची नावं समोरच्यांनी पाहिली, आणि ज्यांचा डाव चालू होता त्यांनी नंतर दिली. दोन कॅप्टन नाराज झाले आणि त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पुढच्या वेळी काय लिहू?

पंचनामा
'मागच्या फेरीचा शेवटचा डाव संपल्यापासून १५ मिनिटांत.' आणि दोन्ही संघांची नावं आली की मगच दोन्ही उघड करायची.

चौथा_बोर्ड
लिहून घेतलं. दुसरं वाक्य फार महत्त्वाचं आहे.

काळी_सोंगटी
तो १४० चालींचा डाव कुणाचा? दुवा द्या की. अंतिम डाव कोणता होता?

चौथा_बोर्ड
हत्ती आणि उंट विरुद्ध हत्ती. ५० चालींच्या नियमाने (तेवढ्या चालींत ना प्यादं हललं, ना काही मारलं गेलं) बरोबरी. बचाव करणारी मुलगी दुसऱ्या बोर्डावर होती. तिला विचारून दुवा टाकते.